पंचविसावं डोकं

आमच्या शेजारच्या नरहरीभाऊंनी आयुष्यात एकाही यंत्राला दोषी ठरवलं नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, बोईसरकडच्या बाजूला, रसायनांच्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. अपघात झाला की त्याचं कारण शोधायचं हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हातखंडा. नळी फुटून एकाचा हात भाजला, तर कारण काय, कामगार नळीजवळ उभा होता. गंजलेला कठडा तुटून एक जण खाली आला, तर कारण काय, कामगाराने कठड्यावर भार टाकला. कठडा भार टाकायलाच लावतात ना साहेब, असं त्या माणसाच्या भावाने विचारलं होतं म्हणे. नरहरीभाऊंनी त्याला शांतपणे समजावलं की कठडा हा शेवटचा उपाय, पहिला उपाय म्हणजे ज्याचा त्याचा तोल. मालक अर्थातच त्यांच्यावर खूश असत. निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि ते एडवणला घरी येऊन बसले.

बसले ते आमच्या मानगुटीवर. उभा जन्म दुसऱ्यांना सावध राहायला सांगण्यात गेलेला माणूस, त्याला मोगऱ्याच्या वाडीत करमणार कसं? मोगरा सावध राहत नाही आणि त्याला सांगून उपयोगही नाही. वाडी मंगलावहिनी बघत होत्या, त्याच बघत राहिल्या. मग मुलीने, चारुताने, बापाला नवा मोबाईल घेऊन दिला आणि भाऊंना दुसरं जीवनकार्य सापडलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावतात ती पट्टी चिकटवली. दर अमावास्येला ते पासवर्ड बदलत आणि प्रतिपदेला विसरत. मासे विकायला येणारी बाई एकदा म्हणाली, नंबर द्या, चांगली पापलेटं आली की फोन करते. भाऊंनी तिला विचारलं, माझा नंबर तू कुठे साठवणार आणि किती दिवस ठेवणार? ती बिचारी म्हणाली, शिळं मी कायबी ठेवत नाय. त्या वर्षी पापलेट आमच्याकडे आधी यायचं आणि भाऊंकडे डोकी उरायची.

चारुता पालघरच्या कोर्टात वकिली करते. रविवारी ती घरी आली की बापलेकीचा वाद आमच्या ओटीपर्यंत ऐकू यायचा. ती म्हणायची, बाबा, माणसाने सावध राहून राहून किती राहायचं? जे माहिती गोळा करतात त्यांना वेसण घाला. भाऊ म्हणायचे, सगळं कायद्याने करायचं तर डोकं कशाला दिलंय देवाने? कायदा म्हणजे कुंपण, राखण आपली आपण करायची. ती म्हणायची, इथे कुंपणच शेत खातंय. मला दोघांचंही पटायचं, जो मोठ्याने बोलत असेल त्याचं अंमळ जास्त. एकदा मी तिला विचारलं की असा कायदा आहे तरी का. ती म्हणाली, आहे, नियमही झालेत, फक्त त्यातलं महत्त्वाचं ते लागू व्हायला अजून अवकाश आहे, कंपन्यांना तयारीला वेळ दिलाय. कंपन्या नाजूक असतात, त्यांना वेळ लागतोच.

मग पालघरच्या एका संस्थेने गावोगाव ‘डिजिटल सावधानता शिबिरं’ घ्यायला काढली आणि भाऊ त्यांचे मानद मार्गदर्शक झाले. संस्थेने त्यांना एक टोपी, एक बॅनर आणि फोनमध्ये एक ॲप दिलं. बॅनरवर लिहिलं होतं, ‘माझी माहिती, माझी जबाबदारी’. हे वाक्य कोणी लिहिलं ठाऊक नाही, पण भाऊंनी ते वाचलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले असं मंगलावहिनी सांगतात.

व्याख्यान झकास असायचं. कोणालाही नंबर देऊ नका, आधार कार्डाची प्रत वाटेल तिथे टाकू नका, आपण कुठे आहोत ते फोटोतून जगाला कळू देऊ नका. शेवटी टाळ्या. टाळ्या झाल्या की भाऊ हजेरीचा कागद फिरवायचे. त्यावर नाव, गाव, मोबाईल नंबर आणि आधारचे शेवटचे चार आकडे. संस्थेला वर पुरावा द्यावा लागतो ना. आणि कागदानंतर फोटो. तो साधा फोटो नव्हे, त्या ॲपमधूनच काढायचा, म्हणजे खाली गाव, तालुका, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश सगळं छापून येतं आणि कोपऱ्यात छोटा नकाशा. ॲप चेहरे मोजतं. पंचवीस भरले तर हिरवी खूण येते. नाही भरले तर शिबिर झालंच नाही, मग भाऊंनी घसा कितीही कोरडा केलेला असो. या उद्योगात काही विनोद आहे असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही, कारण नंतर चहा आणि बिस्किटं असायची.

आता भावनाबद्दल सांगते.

मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरची सोमी दर वर्षी मोगऱ्याच्या हंगामात मंगलावहिनींच्या वाडीत कळ्या खुडायला येते. भात झालं की तिकडे दुसरं काम नसतं, मग काही बायका किनाऱ्याकडे उतरतात आणि वाडीतल्या खोपीत राहतात. यंदा सोमीने बरोबर एक नवी मुलगी आणली, तीच भावना. कामाला वाघीण, बोलायला मुकी. होळीला सगळ्या पाड्यावर गेल्या. होळीला पाड्यावर न जाणं म्हणजे काय, हे आम्हालाही कळतं. ही गेली नाही. मंगलावहिनींनी तिला घरात जेवायला बोलावलं आणि विचारलं, तेव्हा तिने डावा हात पुढे केला. कोपरापासून तो सरळ होत नव्हता. नवरा, अंकुश, बोईसरला एका ठेकेदाराकडे कामाला. दोनदा ती आईकडे पळाली आणि दोन्ही वेळा त्याने तिला तिथून परत नेलं, कारण आईचं घर त्याला माहीत होतं. म्हणून ती या वेळी अशा ठिकाणी आली होती जिथे तिचं कोणीच नव्हतं.

जुनं सिम कार्ड तिने सूर्या नदीत टाकलं होतं. नवा बटणांचा फोन घेतला, त्याचा नंबर फक्त सोमीकडे. आईलासुद्धा गावाचं नाव सांगितलं नव्हतं, कारण आईला मारलं तर ती सांगेल. केळव्याच्या बाजाराला ती जात नसे. वाडीतून रस्त्यावर यायचं झालं की पदर नाकापर्यंत. भाऊंच्या व्याख्यानातलं सगळं ती व्याख्यान न ऐकता करत होती, आणि तिची माहिती खरोखरच तिची जबाबदारी होती. दुसरं कोणी ती घ्यायला तयारच नव्हतं.

शिबिर भाऊंच्या अंगणात होतं. आम्ही बचत गटाच्या बायका जमलो होतो, मीही पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसले होते. व्याख्यान झालं, कागद फिरला, भाऊंनी कॅमेऱ्यावरची पट्टी सोलून काढली आणि फोन समोर धरला. चोवीस. पुन्हा मोजले. चोवीसच. तेवढ्यात भावना कळ्यांची टोपली घेऊन मागल्या दाराकडे चालली होती. भाऊंनी तिला हाक मारली आणि बस म्हणाले.

“माजा फोटू नको, काका,” ती म्हणाली.

“अगं, हा फोटो कुठे जात नाही. ऑफिसला जातो.”

मी म्हटलं, राहू द्या भाऊ, मी पलीकडच्या रखमाला हाक मारते, ती घरीच आहे. भाऊ म्हणाले, उजेड चाललाय, आणि सुरक्षेच्या कामात दिरंगाई परवडत नाही. मंगलावहिनी आत चहा गाळत होत्या. भावना दुसऱ्या रांगेत टेकली आणि पदर नाकापर्यंत ओढून घेतला. ॲपने मोजले, चोवीस. ज्या माणसाने जन्मात यंत्राची चूक काढली नाही तो आता काय काढणार? ते म्हणाले, पदर जरा काढ गं, मशीनला दिसत नाहीस. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि पदर खाली केला. हिरवी खूण आली.

फोटो ऑफिसला गेला, यात खोटं काही नाही. फक्त तो आणखीही थोडा फिरला. गावाच्या ग्रुपवर, ज्ञातीच्या ग्रुपवर, सकाळी समुद्रावर चालायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आणि कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर. वर भाऊंनी स्वतः टाईप केलेला मजकूर होता, ‘गोपनीयतेबाबत महिलांमध्ये प्रचंड जागृती’. शेवटच्या ग्रुपमध्ये धर्मेश नावाचा माणूस आहे. तो कारखान्याला मजूर पुरवतो, आणि भाऊ निवृत्त झाले तरी त्यांना सर म्हणतो, कारण जुन्या अपघातांचे काही कागद अजून कुठे कुठे पडून असावेत. त्याने तो फोटो हात जोडल्याच्या चित्रासकट आपल्या स्टेटसला लावला. अंकुश याच धर्मेशच्या हाताखाली कामाला होता.

दोनच दिवसांत सकाळी एक तरुण मोटरसायकलवरून भाऊंच्या दारात आला. मी माझ्या ओटीवर तांदूळ निवडत होते, मधे फक्त कूड. शर्ट इस्त्रीचा, बोलणं अदबीचं. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला की धर्मेशसाहेबांच्या स्टेटसला तुमचा फोटो बघितला, कार्यक्रम एकदम भारी झाला. नरहरीभाऊंनी कारखान्याच्या फाटकावर मंत्र्यालासुद्धा ओळखपत्र विचारलं असतं. याला नावही विचारलं नाही. दिसला का तुम्हाला, म्हणाले, अहो इथलाच तो, याच अंगणातला. बॅनर कुठे बांधला होता तेही उठून दाखवलं. मग त्या तरुणाने फोन त्यांच्यापुढे धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत नेला. शेवटी पडद्यावर काय राहिलं ते मला कुडाच्या अलीकडून दिसलं नाही, पण भाऊंचं तोंड दिसलं.

“ही माजी बायको हाय, काका. कुटं हाय ती?”

भाऊ म्हणाले की मला चौकशी करून सांगावं लागेल. तेवढ्यात मंगलावहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या आधीच मागच्या दाराने वाडीत जाऊन आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, ती पोर केव्हाची गेली, चार-सहा दिवस झाले असतील. अंकुशने शांतपणे फोटोखालच्या तारखेवर बोट ठेवलं. परवाची तारीख, संध्याकाळची वेळ, सगळं स्वच्छ छापलेलं. वहिनी म्हणाल्या, मग काल गेली असंल. त्याने नकाशा दाखवला, त्यावर भाऊंच्या घरावर लाल ठिपका होता. मग तो न विचारताच वाडीत शिरला. मोगऱ्याच्या ओळींमधून खालपर्यंत जाऊन आला, खोपीत डोकावला. सोमी आणि बाकीच्या बायका कळ्या खुडत राहिल्या. त्याने प्रत्येकीला विचारलं आणि एकीनेही मान वर केली नाही.

वहिनींनी मागच्या दाराने धाडलेली भावना तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे बसली होती. मी आत गेले तर रडत नव्हती. मला वाटलं पाणी मागेल. तिने विचारलं, “तुमच्या घराचा बी फोटू काडलाय का कुनी?”

मला खरंच आठवेना. गणपतीत काढले असतील, मुलाच्या लग्नात तर काढलेच. मी तिला नाही म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नरहरीभाऊंचा इतका रागही कधी आला नव्हता.

अंकुश गेला नाही. तो एसटीच्या थांब्यापाशी बसला, दुसऱ्या दिवशी परत आला, तिसऱ्या दिवशी दोन मित्र घेऊन आला. चारुता पालघरहून धावत आली आणि पोलिसांत तक्रार देऊ म्हणाली. भावनाने एवढंच विचारलं की तिथे मी राहते तिथला पत्ता लिहावा लागेल का. चारुता वकील असली तरी त्या वेळी खोटं बोलली नाही. मग तिने कायद्याचं पुस्तक काढलं, आणि संमती म्हणजे काय, ती मोकळ्या मनाने दिलेली असली पाहिजे, वगैरे मला वाचून दाखवलं. फार सुरेख लिहिलंय. लागू झालं की मी पहिली पेढे वाटीन.

नरहरीभाऊंनी मात्र चारुता आली त्याच संध्याकाळी घटनेची कारणमीमांसा केली. सवय जात नाही. अंगणात उभे राहून त्यांनी आम्हाला समजावलं की मुलगी दुसऱ्या रांगेत मधोमध बसली, कडेला बसली असती तर चेहरा अर्धा कापला गेला असता. शिवाय नवऱ्याचा असा इतिहास आहे, हे तिने मार्गदर्शकाला आधी सांगायला हवं होतं. धर्मेशनेही स्टेटस लावायच्या आधी विचार करायला हवा होता. एकेकाचा निष्काळजीपणा ते बोटांवर मोजत गेले. मंगलावहिनी तुळशीपाशी उभ्या होत्या. नवऱ्यासमोर चार माणसांत त्या कधी बोलल्याचं मी पाहिलेलं नाही.

“ती नको म्हनाली होती,” त्या म्हणाल्या. “मी आतून ऐकलं. तुमी बसवली.”

भाऊंचं चौथं बोट तसंच उघडं राहिलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि ओटीवर जाऊन बसले. रात्री जेवले नाहीत.

एवढं मात्र त्यांच्या नावावर लिहायला हवं की दुसऱ्या दिवशी ते चारुताबरोबर पहिल्या गाडीने पालघरला गेले. संस्थेच्या ऑफिसात त्यांनी सांगितलं, तो फोटो काढून टाका, एका बाईच्या जिवाला धोका आहे. तिथल्या मुलीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की वर गेलेला फोटो खाली येत नाही, तशी सोयच नाही. अगदीच हवं असेल तर जिचा फोटो आहे तिने स्वतः अर्ज करावा. अर्जासोबत आधार कार्डाची प्रत, सध्याच्या राहण्याच्या पत्त्याचा पुरावा, चालू मोबाईल नंबर आणि ओळख पटवण्यासाठी अलीकडचा एक फोटो. भाऊंनी विचारलं, हा नियम कोणी केला? ती म्हणाली, सर, लोकांच्या सुरक्षेसाठीच आहे. भाऊ तिच्यावर ओरडले असं चारुता सांगते. बापाला ऑफिसात ओरडताना तिने पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी एकेका ग्रुपवरून फोटो पुसायला घेतला. ज्यांच्या फोनमध्ये तो उतरला होता त्यांना स्वतः फोन केले, हात जोडले, धर्मेशला तर शिव्या घातल्या. धर्मेशचं स्टेटस तोपर्यंत आपोआप गेलेलं होतं. या सगळ्या प्रकरणात वेळेवर झालेली तेवढी एकच गोष्ट.

तोवर भावना गावात नव्हती. ती कशी गेली, कोणाबरोबर गेली, हे मी लिहिणार नाही. या गावात कोणाच्या घरी कोणता मासा शिजला हे जेवणाआधी सगळ्यांना ठाऊक असतं, पण अंकुशने दारोदार विचारलं तेव्हा एकाही बाईला काही माहीत नव्हतं. शेवटी तो यायचा थांबला. थांबला म्हणजे सध्या थांबला आहे.

गेल्या आठवड्यात भाऊ मंगलावहिनींना म्हणाले की मला तिला एकदा भेटायचंय, चुकलं म्हणून सांगायचंय. वहिनी वाल सोलत होत्या. म्हणाल्या, माझ्यापाशी सांगा, मी पोचवीन. भाऊंनी विचारलं, पण हाय कुठं ती? वहिनींनी मांडीवरची सालं झटकली. टोपली उचलून आत गेल्या.

मग भाऊ कुडापाशी आले. मी दोरीवरचे कपडे काढत होते. कारखान्यातून आले तेव्हा ताठ होते, आता खांदे उतरलेत. तुला तरी म्हाईत असंल, म्हणाले. मी म्हटलं, नाही भाऊ, मला काही माहीत नाही.

या माणसाने जन्मभर कामगारांचे जबाब घेतले आहेत. खोटं कोण बोलतं ते त्यांना तोंडावरून कळतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “मला बी नको सांगू.”

आणि घरात गेले. ती जिथे आहे तिथे बरी आहे, हात थोडा सुधारला आहे, एवढं मी सांगू शकते. बाकी तुम्ही कितीही चांगले असलात तरी मला विचारू नका. भावना हे तिचं नाव नाही.